मधला आकडा

मौलाली चौकातलं लतीफचं गेमचं दुकान बंद झालं.
खुर्च्या भंगारात गेल्या, टीव्ही मेव्हण्याकडं,
आणि हा कंट्रोलर माझ्याकडं, दीडशे रुपयांत.
"डावी काडी सरकतीय बघ," तो म्हणाला,
"हात न लावता गाडी डावीकडं जाती. खेळायला उपयोग नाय."
मला कुठं खेळायचं होतं.

वायर खुपसली. लॅपटॉपनं ओळख दाखवली नाही.
काढली, फुंकर मारली, उलटी करून पाहिली, परत सरळ.
मग पडद्यावर आकडे सांडायला लागले,
फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडावी तसे.

काडी एका टोकाला: शून्य.
दुसऱ्या टोकाला: दोनशे पंचावन्न.
हात काढला की एकशे सत्तावीसवर येऊन गुमान बसायला हवं.
ही बसते एकशे एकोणीसवर.
आठ आकडे कुठं झिजले, लतीफला विचारून काय सांगणार?
विडी घरकुलातल्या किती पोरांचे अंगठे, किती उन्हाळे.

संगीताचं सॉफ्टवेअर म्हणजे कोरी जागा.
चौकोन मांडायचे, चौकोनातून चौकोनात दोऱ्या सोडायच्या,
एक दोरी चुकली तर
तासभर नुसती शांतता ऐकायची.
नान्ना मागं येऊन उभा राहिला,
वरून खाली उतरलेल्या दोऱ्या बघत:
"ताणा झाला. बाणा कुठाय?"

अम्मा उंबऱ्याशी विड्या वळत होती.
पानावर कात्री, सुपात बोटं, पान वळतानाचं खुसखुस, दोऱ्याचा झटका,
चार आवाज मोबाइलवर घेतले
आणि उजव्या हाताच्या चार बटणांना वाटून दिले.
वाजवून दाखवलं. ती मान वर न करता म्हणाली,
"दोरा शेवटी असतोय, येडे. आधी वळ तर."
बटणं बदलली.
आता हजार विड्या मी अर्ध्या तासात वळते,
मजुरी मात्र देत नाही कुणी.

डाव्या काडीला सूर दिला.
पुढं ढकलली की चढतो, मागं ओढली की उतरतो,
आणि सोडून दिली तरी
एकशे एकोणीसवर घुमत राहतो, बारीक,
रिकाम्या कारखान्यात एक ट्यूबलाइट राहून जावी तसा.
मधल्या आकड्याभोवती थोडी मुकी जागा आखता येते,
म्हणजे बारीकसारीक हालचाल मोजायचीच नाही.
आखली. पुसून टाकली.

नान्नाला यातलं काहीच ऐकू येत नाही.
अक्कलकोट रोडला एकतीस वर्षं टॉवेलचे माग जोडले त्यानं,
मागांनी कान ठेवून घेतले.
आम्ही घरात ओरडून बोलतो, पाहुण्यांना भांडण वाटतं.

रात्री कळलं, वायर दोन्हीकडनं चालते.
इकडून पाठवलं की कंट्रोलर थरथरतो,
आत दोन मोटरी आहेत, एक जड, एक हलकी.
मागाचा ठेका बसवला:
जडीला फणीचा ठोका, हलकीला धोट्याची धाव.
नान्नाच्या तळहातांवर ठेवला.
त्यानं आधी तो तव्यावरच्या भाकरीसारखा धरला, लांब,
मग पोटाशी.
डोळे मिटले. ओठ हलले, मोजत असावा.
"ढिलाय," म्हणाला.
काय?
"पट्टा ढिलाय गं. सातवी फेक उशिरा येतीय. स्पॅनर आण."

मी आकडे तपासले.
सातवी फेक. वीस मिलिसेकंद.
माझ्या शाबूत कानांना आठवडाभर सापडली नव्हती.
स्पॅनर नव्हता, त्याच्या हातात माऊस दिला.
त्यानं तो उलटा करून पाहिला, कुठं फिरवायचा म्हणून.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, पाणी आलं!
पाच दिवसांनी आलेलं पाणी, पाऊण तासाचं.
हंडे, बादल्या, अम्माची धावपळ, नान्ना लुंगी खोचत पुढं,
मी पाईप घेऊन मागं.
खोलीत पत्र्याच्या पेटीवर
कंट्रोलर एकटाच माग चालवत होता,
सातवी फेक उशिरा,
आणि थरथरत, थरथरत
डावीकडं सरकत होता.